कुंदाच्या सलाया

कुंदा कापगतेने विणलेलं एकही स्वेटर माझ्या घरात नाही. मी कधी मागितलं नाही आणि तिने कधी दिलं नाही. ओळीतल्या बाकी घरांत काही ना काही होतं, कुणाकडे टोपी, कुणाकडे मोजे. तेव्हा तिने मला काही दिलं म्हणून मी हे लिहीत नाही. ती लिहिण्यासारखी होती.

आम्ही भिलाईत सेक्टरच्या क्वार्टरात राहत होतो तेव्हाची गोष्ट. राज्य मध्य प्रदेश होतं, नोकरीचे हुकूम भोपाळहून यायचे. माझा माणूस रोलिंग मिलमध्ये होता. समोरच्या क्वार्टरात कापगते राहायचे. तेही आमच्यासारखेच विदर्भातले, साकोलीकडचे. कापगते बाबू प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते, लोकांच्या हजेऱ्या पाहायचे. कुंदा त्यांची एकुलती एक मुलगी. रंगाने सावळी, अंगाने काटक. चालायची इतक्या जोरात की आई मागे पडायची आणि रस्त्यातूनच ओरडायची.

विणायला ती शेजारच्या पंजाबी बाईकडून शिकली. म्हणून तिची भाषाही तीच. टाक्याला फंदा म्हणायची, सुयांना सलाया, आणि वीण सांगायची ती सीधा-उल्टा अशी. आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका मग तसंच बोलायला लागल्या.

एका वेळी एकच काम हातात घेणं तिला जमत नसे. सलायांवर कायम तीन कामं चढलेली. एक मोठं, ते घरच्या पायरीवर बसून करायचं. एक मधलं, पाहुणे आले आणि गप्प बसावं लागलं की काढायचं. आणि एक लहान, मोजे नाहीतर टोपी, ते रेल्वेत. रायपूरच्या युनिव्हर्सिटीत ती एम.एस्सी. करत होती, केमिस्ट्रीत. सकाळी लोकलने जायची, संध्याकाळी यायची. पुस्तक मांडीवर उघडं, हात सलायांवर. मी एकदा तिच्यासोबत रायपूरला दवाखान्यात गेले होते. सगळ्या रस्त्यात तिने एकदाही हातांकडे पाहिलं नाही. समोर एक म्हातारा बसला होता, तो मात्र सारखा पाहत होता. शेवटी तिला म्हणाला, "बेटी, या तो पढ़ ले या बुन ले." ती म्हणाली, "दादाजी, आप देखो या सो जाओ." म्हातारा झोपला.

विणायचं थांबली की रिकामी सलाई ती केसांच्या अंबाड्यात खोचायची आणि विसरून जायची. तशीच बाजारात जायची. लहान पोरं हसायची, तिला फरक पडत नसे.

दुसरी सवय म्हणजे ओळ अर्धी सोडायची नाही. दूधवाला हाक मारो, दारात पाहुणा उभा राहो, ती तिथूनच म्हणणार, "थांबा, ओळ होऊ द्या." बाप ऑफिसातून घामाघूम येऊन फाटकाशी उभा राहिला तरी हेच. कापगते बाबू सायकलला टेकून मुकाट थांबायचे. मला ते पाहून राग यायचा. एकदा मी म्हटलंच, "बाबूजी, आतून कडी काढायला कितीक वेळ लागते? सांगा ना तिले." ते म्हणाले, "वहिनी, दिवसभर लोकं माह्यापुढं लाईन लावतात. घरी आल्यावर थोडी आपणबी लावली तर का बिघडते?"

लोकर घ्यायला ती कॅंप-१च्या बाजारात जायची. तिथला दुकानदार तिला पाहिलं की काडीपेटी लपवायचा. कारण ती लोकरीच्या लच्छीतून एक धागा ओढायची, काडी पेटवून त्याचं टोक जाळायची आणि हुंगायची. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर खरी. गोळी होऊन चिकटली तर नायलॉन. नुसतं हुंगून थांबली असती तर ठीक, पण ती दुकानात उभ्या सगळ्या बायकांना हुंगायला द्यायची. दुकानदार हात जोडायचा, "बहनजी, आप आधे दाम में ले जाओ, पर माचिस मत निकालो." कुंदा अर्ध्या दामात घेत नसे. म्हणायची, "खोटं असंल तर अर्ध्यात कावून घ्यावं? आनि खरं असंल तर पूर्ण घे ना बाप्पा."

अशी सरळ मुलगी. पण तिच्याच विणकामावर आमच्या ओळीत एक खोटं राजरोस चालत होतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

त्या काळी मुलगी पाहायला लोक यायचे तेव्हा तिच्या हातचं काम खाटेवर मांडून ठेवायची पद्धत होती. भरतकामाच्या उशा, क्रोशाचे रुमाल, आणि असलंच तर एखादं स्वेटर. मुलाच्या घरच्या बायका ते उलटून-पालटून पाहायच्या. आता सगळ्याच मुलींना थोडंच येतं? मग त्या मुलीची आई पदराखाली हात लपवत समोरच्या क्वार्टरात यायची. "कुंदाची आई, ते निळं स्वेटर एका दिवसासाठी द्या ना." कुंदाची आई भिडस्त बाई, नाही म्हणायची नाही. निळं स्वेटर म्हणजे शंकरपाळ्यांच्या विणीचं, पूर्ण बाह्यांचं. ते पाहिलं की मुलगा आणि मुलाची आई दोघंही गार. ओळीतल्या दोन-तीन मुली त्याच्यावर उजवल्या.

मी कुंदाला विचारलं होतं, "तुले राग नाही येत? मेहनत तुही अन् नाव दुसरीचं."

"स्वेटर तर वापस येते ना काकू. फक्त त्यायले सांगा, धुऊन देऊ नका. गरम पाण्यात टाकतात अन् पोट्ट्याच्या मापाचं करून देतात."

त्या स्वेटरात एक खोट होती. डाव्या बगलेखाली एक शंकरपाळा अर्धाच होता. शेवटच्या पेपरच्या सकाळी पायरीवर विणताना कुठेतरी फंदे चुकले आणि पेपर देऊन घरी आल्यावर लक्षात आलं. एरवी ती चुकलेलं लगेच उसवायची, बापाची तपकिरी जर्सी तर किती वेळा उसवली याला हिशोब नाही. हे मात्र उसवलं नाही. म्हणाली, "राहू द्या. पेपरबी असाच गेला."

पेपर तसा गेला नव्हता. ती चांगल्या नंबराने पास झाली आणि घरी बसली.

एम.एस्सी. झाल्यावरचे ते महिने तिला फार जड गेले. रेल्वे सुटली, तसं लहान काम करायची जागाही सुटली. दिवसभर पायरीवर. सलायांवर तेव्हा बापाची ती जर्सी होती, एक झबलं होतं, कुणाच्या बाळाचं ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि तिसरं एक राखाडी जाड काहीतरी होतं. दुहेरी लोकर, जाड सलाया, गळ्यापर्यंत बंद. मी हात लावून पाहिलं तर घोंगडीच.

मी म्हटलं, "कुंदा, भिलाईत हे कोण घालंल? इथं थंडी पडते कुठं?"

"भिलाईत नाही घालाचं."

"मंग?"

"ओळ होऊ द्या." ओळ संपवली, सलाई केसात खोचली आणि आवाज खाली करून म्हणाली, "जगदलपुरात म्हणते थंडी लय असते. तिकडल्या कॉलेजात जागा निघाली, मी फॉर्म भरला. बाबूजीले अजून नाही सांगतलं."

म्हणजे घरच्यांना कळायच्या आधी मला त्या स्वेटरच्या जाडीवरून कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. लोक मला तोंडाळ म्हणतात, पण तोंडाळ असणं वेगळं आणि चहाडखोर असणं वेगळं.

हुकूम भोपाळहून आला. लेक्चररची जागा, लवकर येऊन हजर व्हा. आणि त्याच आठवड्यात गोंदियाच्या एका घराने निरोप पाठवला की आम्ही मुलगी पाहायला येतो. मुलगा बँकेत, एकुलता. कापगते बाबू हातात हुकूम घेऊन खुर्चीवर बसले होते. मी साखर मागायला गेले होते, तशीच उभी राहिले. घरात सगळे गप्प असले की साखर लगेच मागता येत नाही.

कुंदा म्हणाली, "बाबूजी, मले जायचं हाय."

"जंगलात एकटी राहशीन?"

"जंगल कुठं हाय? कॉलेज हाय तिथं."

"अन् पाहुणे?"

तिने बापाच्या हातातल्या हुकुमाकडे बोट दाखवलं.

कापगते बाबूंनी हुकुमाची घडी घातली. "पाहा, येतो म्हटल्यावर पाहुण्यायले नाही म्हणता येत नाही. ते येऊन जाऊ दे. पसंत पडली तर हे कागद फाडून टाकू, मंग नोकरीचं ते लोकं पाहतील. नाही पसंत पडली तर तू जा, मी आडवा येनार नाही. वहिनीसमोर बोलून राहिलो."

"पक्कं?"

"पक्कं. पन एक. मुद्दाम काही बिघडवाचं नाही. तोंड वाकडं नाही, उलट उत्तर नाही."

"नाही बिघडवनार," ती म्हणाली.

बापाला भरवसा होता. शिकलेली, कामाची, घरात एकुलती. नापसंत कोण करणार? मलाही तेच वाटलं. फाटकाशी तिला म्हटलं, "झालं तुहं जगदलपूर." ती म्हणाली, "शब्द देल्ला काकू, आता काय करू?" डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला हातात काही न घेता पायरीवर बसलेली पाहिलं.

पाहुणे आले त्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते, पोह्यांना. दारातून बाहेरची खोली सगळी दिसायची. मुलाची आई मोठ्या हाडाची, नऊवारीतली, आवाजाला धार. मुलगा बाजूच्या स्टुलावर अंग चोरून बसलेला. कुंदाला आईने हाक मारली तर मागच्या अंगणातून उत्तर आलं, "ओळ होऊ दे!" आई कपाळाला हात लावून हसली आणि पाहुण्यांना म्हणाली, "अभ्यास करते." मग कुंदा आली, नमस्कार केला, आईशेजारी बसली.

मी दारातून पाहिलं आणि माझा झारा हातातच राहिला. एक सलाई तिच्या अंबाड्यात तशीच होती. समोर बसलेल्या बाईला ती दिसत नव्हती. बाजूला बसलेल्या मुलाला दिसत होती.

खाटेवर सगळं मांडलं होतं आणि वर ते निळं स्वेटर. इथे कुंदाच्या आईने घोळ केला. आपल्याच मुलीचं काम, आपल्याच घरात, त्यात चूक काय होणार, असं तिला वाटलं. पण दोनेक महिन्यांपूर्वी तेच स्वेटर पलीकडच्या क्वार्टरातल्या विजूला पाहायला पाहुणे आले तेव्हा तिच्या खाटेवर होतं. विजूचं जमलं होतं. माघातलं लग्न होतं. आणि विजूचा नवरा मुलगा या गोंदियाच्या बाईच्या सख्ख्या बहिणीचा. बहिणीसोबत विजूला पाहायला ही बाई स्वतः आली होती.

बाईंनी स्वेटर उचललं. उलटलं. बाही वर केली. मग डावी बगल उजेडाकडे धरली.

"हे तर मी पाह्यलं हाय," त्या म्हणाल्या. "विजयाच्या घरी. हा शंकरपाळा अर्धा हाय, तेव्हाबी मी बोलली होती. तिनं विनलं म्हने. मंग हे इथं कसं?"

कुंदाच्या आईचा चेहरा पांढरा पडला. कापगते बाबू खुर्चीत पुढे सरकले. त्यांना ठाऊक होतं कुणी विणलं ते. रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून त्यांनीच ते वाढताना पाहिलं होतं. एक वाक्य बोलले असते तर त्यांची मुलगी खरी ठरली असती आणि विजू खोटी. तिचं जमलेलं मोडलं असतं, तेही त्याच घराच्या नात्यात.

कुंदा म्हणाली, "तिचंच हाय."

"मंग इथं कावून?"

"मी मागून आनलं. मले विनता येत नाही."

तिकडे मुलाला पोह्याचा ठसका लागला. तो एकदा तिच्या अंबाड्याकडे पाही, एकदा ताटलीकडे. खोकत खोकत हसत होता की हसत हसत खोकत होता, कळत नव्हतं.

"एवढी शिकली अन् दोन टाके येत नाही?" बाई म्हणाल्या.

"नाही येत."

"अन् दुसऱ्याचं आनून आपलं म्हनून मांडाचं? तुमच्या घरी हेच चालते का हो भाऊ?"

हा प्रश्न कापगते बाबूंना होता. सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. कुंदा पाहत नव्हती, ती फरशीकडे पाहत होती. बाबूंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चुकलं आमचं."

बाई उठल्या. चहाही घेतला नाही. मुलगा आईमागे गेला. फाटकाशी एक क्षण थांबून मागे वळला आणि कुंदाला हळूच म्हणाला, "ते केसातलं काढून ठेवा. लागंल." पोरगा वाईट नव्हता. पण त्याला सगळं दिसलं होतं आणि आत तो एक शब्द बोलला नाही. असा माणूस नाही मिळाला तर रडण्यासारखं काही नसतं.

पाहुणे गेल्यावर घरात आईचं रडणं सुरू झालं. कापगते बाबू खुर्चीतून उठले नाहीत.

"मुद्दाम बिघडवनार नाही म्हटलं होतं तू."

"मी कुठं बिघडवलं? तुमी बोलले असते ना बाबूजी. मी तुमचं तोंड धरलं नव्हतं."

"विजूचं मोडून तुहं जमवू? रोज तिच्या बापासोबत ड्यूटीवर जातो मी."

"मंग मी तरी कशी जमवू?"

त्यावर ते माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "वहिनी, पोहे आना. आपन तरी खाऊ."

पुढे ओळीत सगळे म्हणायला लागले की कुंदाने विजूसाठी केवढा त्याग केला. मला हे पटलं नाही आणि आजही पटत नाही. तिला जगदलपूरला जायचं होतं आणि गेली. विजू वाचली हेही खरं. एका उत्तरात दोन्ही झालं, आणि ते उत्तर देताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याग करणारी माणसं मी पाहिली आहेत, ती इतकं पोटभर जेवत नाहीत. त्या दिवशी तिने दोनदा पोहे घेतले.

पण खोट्याचं काम तिथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी विजूची आई आली, कुंदाच्या गळ्यात पडली, डोळे पुसले आणि मग दाराशी घुटमळत राहिली. शेवटी बोलली. आता ते स्वेटर विजूकडेच लागणार होतं. सासरी गेल्यावर ती मावससासू पहिल्यांदा तेच मागणार. कुंदाने ट्रंकेतून काढून दिलं. विजूची आई निघाली तर तिने मागून हाक मारली.

"काकू, स्वेटर न्या. पन विजूले उद्यापासून माह्याकडं पाठवा."

"कावून वं?"

"तिकडं सासूनं म्हटलं, आता माह्यासाठी एक विन, तर ती का करनार हाय? स्वतःबी फसन, अन् मलेबी खोटी पाडन."

मग कुंदा निघेपर्यंत पायरीवर रोज तमाशा होता. विजू गोरी, नाजूक, हाताला घाम येणारी. सलाया घसरायच्या, फंदे गळायचे. कुंदा ओरडायची. "अगं उल्टा! उल्टा म्हटलं! कान का सासरी पाठवले पयलेच?" विजू रडायची. कुंदा म्हणायची, "रड, पन हात नको थांबवू." बापाची जर्सी तिने पूर्ण करून खुंटीला टांगली. झबलं विजूच्या ट्रंकेत गेलं, लागेल तेव्हा काढ म्हणाली. राखाडी स्वेटरची एक बाही राहिली होती, ते तिने तसंच पिशवीत टाकलं.

नंतर कापगत्यांना दुसऱ्या सेक्टरमध्ये मोठं क्वार्टर मिळालं. आम्ही रिटायर झाल्यावर बोरसीला घर बांधलं. येणंजाणं तुटलं. ऐकते, ती तिकडेच राहिली, तिकडेच कॉलेजातल्या एका मास्तराशी लग्न केलं, कुणी मांडून दाखवलं नाही आणि कुणी पाहायला आलं नाही. मी मात्र तिला शेवटचं पाहिलं ते दुर्गच्या बसस्टँडवर, ती जायच्या दिवशी.

आम्ही चौघं गेलो होतो. आई घरीच रडत राहिली. कापगते बाबूंनी होल्डॉल स्वतः खांद्यावर घेतला, हमालाला हात लावू दिला नाही. बसमध्ये चढले आणि कंडक्टरशी भांडायला लागले. आवाज खालपर्यंत येत होता. "खिड़की वाली सीट दो. कौन? लेक्चरर हैं ये, लेक्चरर. कॉलेज में पढ़ाती हैं." अजून एक दिवससुद्धा शिकवलं नव्हतं तिने. कंडक्टरने एका माणसाला उठवलं. बाबू खाली उतरले, चष्मा नाकावर नीट केला.

कुंदा खिडकीत आली. मला वाटलं आता काही बोलेल, निरोपाचं. ती विजूकडे पाहून म्हणाली, "काढ."

विजूने पिशवीतून विणकाम काढलं. तिथेच, बसच्या धुरात, शेंगदाणेवाले अंगावर येत असताना, ती उभ्याने विणायला लागली.

"सीधा दोन, उल्टा दोन. पाह्य ना, धागा समोर घे. समोर!"

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. विजूची ओळ संपत आली होती. ती वर पाहून काहीतरी विचारत होती, इंजिनच्या आवाजात ऐकू येईना. बस हलली. कुंदाने पूर्ण हात खिडकीबाहेर काढला आणि लांबूनच मनगट फिरवून दाखवलं, पलट, सलाई पलट. कंडक्टर आतून ओरडत होता, हात अंदर करो. बस फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत तो हात तसाच फिरत होता.

विजूने सलाई पलटली आणि पुढची ओळ धरली.